भाजीतली पुडी

पत्र : ताई, ह्यांचं पिणं बारा वर्षांचं. आता सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात, घोट घेतला की थांबतात. नणंदेनं एक पुडी दिली आहे, "भाजीत टाक, कळू देऊ नको." सासूबाई म्हणतात, चार दिवस खोलीत कोंडा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हे म्हणतात, "मी पागल आहे का?" काय करू?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, ती पुडी भाजीत टाकू नका. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध असू शकतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर अ‍ॅसिटाल्डिहाइड हा दारूपासून बनणारा विषारी पदार्थ अंगात साचतो. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. औषध थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. डॉक्टर हे औषध देतात, पण पिणाऱ्याला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं. शिवाय चोरून दिलेलं एक दिवस कळतंच. मग तुमच्या हातचं जेवणही त्यांना संशयाचं वाटेल, आणि ज्याचा घरावरच भरवसा नाही तो समुपदेशकापुढे काय मोकळा होणार?

कोंडणं तर त्याहून वाईट. सकाळची थरथर म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. ती एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे माणूस बरळू लागतो, नसलेलं दिसू लागतं. दवाखान्यात औषधं आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देऊन हेच दिवस सुखरूप काढता येतात. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा.

"पागल" या शब्दावर वाद घालू नका. सकाळी, ते शुद्धीत असताना, एवढंच म्हणा : "हात थरथरतात, झोप नाही, ते दाखवून येऊ." हे खोटं नाही, आणि ही थरथर त्यांनाही नको आहे. चांगला समुपदेशक उपदेश करत नाही. किती पिता, कधी पिता, काय गमावलं, काय हवंय, हे विचारतो आणि ऐकून घेतो. व्यसन सुटून परत लागलं तरी हाकलत नाही.

ते नाहीच म्हणाले तर तुम्ही एकट्या सुरुवात करा. 14446 या मोफत राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर घरच्यांशीही बोलतात. बारा वर्षं तुम्हीही सोसलंय, तुम्हालाही कुणीतरी ऐकायला हवं. फिट आली किंवा बरळू लागले तर लगेच 108.

पुडी नणंदेला परत देऊ नका, ती दुसऱ्या कुणाच्या घरी जाईल. ओपीडीत सोबत न्या, आणि एकदा जरी भाजीत टाकली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.