टायट्रेशनचा ग्राफ कळत नाही, सायन्स सोडू का?

दिवाळी झाली की हा प्रश्न माझ्याकडे येतोच, कधी केमिस्ट्री असते कधी फिजिक्स. यावेळी यवतमाळकडच्या खेड्यातली बारावीची पोरगी होती, सोबत बाबा (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). कपाशीवाले माणूस, टेकत नाही तर म्हणाले, "मॅडम, दहावीले चांगली होती जी हे, आता म्हणते डोक्यातच जात नाही, आर्टले टाकून देऊ काय?"

मी पोरीलाच विचारलं, नेमकं काय जात नाही? "सगळंच." हे सगळेच म्हणतात आणि ते जवळपास कधीच खरं नसतं, म्हणून वही काढायला लावली. बाकी पानं बरी होती, अ‍ॅसिड-बेस टायट्रेशनच्या (अ‍ॅसिडात थेंब थेंब बेस सोडून ते नेमकं कधी संपतं ते बघायचं) कर्व्हचं, म्हणजे ग्राफचं पान मात्र खोडून खोडून फाटलेलं. बरं, अकरावीत प्रॅक्टिकल तिने नीट केलेलं, ब्युरेटचं, म्हणजे थेंब सोडायच्या मापाच्या नळीचं, रीडिंग बरोबर यायचं, फिकट गुलाबी दिसलं की थांबायची. अडलं होतं ते असं, "थेंब तर सारखेच पडते ना मॅडम, मंग ग्राफ मधातच एकदम वर काऊन जाते?"

आता हा प्रश्न ज्या पोरीला पडतो तिचं डोकं कमी म्हणायचं? क्लासमध्ये उत्तर काय मिळालं तर एसचा आकार आहे, पाठ करून टाक!

माझं बीएस्सी केमिस्ट्रीतच झालेलं, पण उदाहरणाला मी बाबांचं पीककर्ज घेतलं. लाखाचं कर्ज दहा हजारावर आणायला नव्वद हजार भरा, दहाचं एक हजारावर आणायला नऊच हजार, आणि हजाराचं शंभरावर यायला फक्त नऊशे. ग्राफमध्ये वर जातो तो पीएच, म्हणजे अ‍ॅसिड किती उरलं ते सांगणारा आकडा. हा पीएच रुपये नाही मोजत, किती शून्यं उडाली ते मोजतो, म्हणजे द्रावणातलं अ‍ॅसिड दहापट विरळ झालं की पीएच एकाने वर. बाबा आधी हसले, पोरगी नंतर.

मग कॅल्क्युलेटर तिच्याच हातात दिला. 0.1 मोलर एचसीएल 25 मिली, म्हणजे अ‍ॅसिड, वरून तेवढ्याच ताकदीचं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे बेस. सुरुवातीला पीएच 1, 22.5 मिली ओतून झालं तरी 2.3च्या आसपास, 24.9 ला 3.7, 25 ला 7 आणि 25.1 ला थेट 10.3. एक थेंब साधारण 0.05 मिलीचा, म्हणजे चार थेंबांत साडेसहा अंकांची उडी, तिने दोनदा करून पाहिलं. तो गुलाबी रंग देणारं फिनॉल्फ्थॅलिन पीएच 8.2 ते 10 मध्ये रंग बदलतं, ते या उडीतच येतं.

व्हिनेगरातलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घेतलं तर उडी लहान होते आणि अ‍ॅसिड नेमकं संपतं त्या ऐन बिंदूला पीएच 7 नाही, 8.7च्या जवळ असतो, कारण तयार झालेला अ‍ॅसिटेट पाण्याकडून एच प्लस घेतो अन् ओएच मायनस सुटा होतो. म्हणून तिथे मिथिल ऑरेंज हे दुसरं रंग बदलणारं द्रव्य चालत नाही, ते 4.4 लाच पिवळं होऊन बसतं. हे शेवटचं तिने माझ्याआधी सांगितलं.

बाबांना एवढंच म्हटलं की बारावीच्या मधात स्ट्रीम बदलायची तर वर्ष जातं, त्यापेक्षा दर आठवड्याला ती अडलेली एक जागा लिहून आणेल, आपण तेवढीच सोडवू. पुढच्या वेळी ती बफर (पीएच फारसा न हलू देणारं द्रावण) हा भाग घेऊन आली. ऑरगॅनिक अजून कच्चंच आहे, त्याला वेळ लागेल.