आजार सांभाळत शिकताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी शहाद्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. थंडीत दोनदा ॲडमिट करावं लागलं, हजेरी कमी भरली. दिव्यांगाचं सर्टिफिकेट मिळेल का? त्यावर दुसरी शिष्यवृत्ती घेता येईल का?
– एक पालक, धडगाव

उत्तर : आधी तिचा रक्ताचा रिपोर्ट काढून बघा. शिबिरात होते ती बहुतेक सोल्युबिलिटी चाचणी. ती पॉझिटिव्ह आली, तरी मुलगी नुसती वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचणीचा रिपोर्ट लागतो. वाहकाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही, आणि बरेच पालक नेमके इथूनच परत येतात. शिबिरातल्या चाचणीचा कागद घेऊन दिवसभराचा प्रवास करायचा आणि तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर हा रिपोर्टच नाही, असं होतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया त्यात येतात. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवर ऑनलाइन भरा आणि तपासणीसाठी जिल्हा रुग्णालय निवडा. अर्जावरचं नाव आधारवर आहे अगदी तसंच लिहा. बोर्डाच्या दिवशी पोरगी ठणठणीत दिसते आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते ती कागदांवरून. म्हणून डिस्चार्ज कार्डं, रक्त चढवल्याच्या नोंदी, सांध्यांचे एक्स-रे किंवा एमआरआय असं सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. डिस्चार्ज कार्ड हरवलं असेल, तर त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करून नक्कल काढा. पुढचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात. प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं, तर त्यावरची मुदत बघून ठेवा. मुदत संपलेल्या कागदावर अर्ज पुढे सरकत नाही.

शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर मुलगी अनुसूचित जमातीची असेल आणि महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती घेत असेल, तर तिच्या जोडीला दिव्यांगांची वेगळी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन्हींचे अर्ज भरून ठेवले, तर दोन्ही अडकण्याची भीती. मात्र जमातीच्या शिष्यवृत्तीत दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा भत्त्याची तरतूद आहे. तो मागण्यासाठी अर्जात दिव्यांगत्वाची नोंद करून प्रमाणपत्र जोडा. नवीन वर्षाचा अर्ज भरताना हे हमखास राहून जातं. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजनेची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा.

प्रवासाला एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेल रुग्णाला तिकीट लागत नाही, दाखला जवळ हवा. तपासणीसाठी नंदुरबारहून रेल्वेने सुरतला जात असाल, तर स्लीपरला ५० टक्के सवलत आहे. ती फक्त उपचार-तपासणीच्या प्रवासाला आणि रुग्णालयाने ठराविक नमुन्यात दिलेल्या दाखल्यावरच मिळते.

आता हजेरी. दवाखान्याचे कागद सत्राच्या शेवटी एकदम दिले, तर प्राचार्यांचाही नाइलाज होतो. मुलगी ॲडमिट झाली, की त्याच आठवड्यात अर्ज आणि कागद कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. हुकलेल्या अंतर्गत परीक्षा आणि प्रॅक्टिकल परत घ्यावेत, अशी मागणी त्याच अर्जात करा. वर्गाची खोली तळमजल्याची मागा, आणि तास चालू असताना पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, हेही लेखी कळवा. पाणी कमी पडणं आणि थंडी, या दोन्हींनी दुखणं उसळतं. ताप १०१ फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. हे तिच्या रूममेटलाही माहीत असू द्या.

प्रश्न : मला टाइप-१ डायबेटिस आहे. जळगावला खोली करून राहतो, फ्रिज नाही. यूडीआयडी मिळणार नाही असं सांगितलं. मग माझ्यासाठी काहीच नाही का?
– विद्यार्थी, मूळ गाव चोपडा तालुका

उत्तर : सांगितलं ते खरं आहे, त्या २१ प्रकारांत डायबेटिस येत नाही. म्हणून आजाराच्या नावावर नाही, तर उत्पन्नाच्या दाखल्यावर मदत मागायची. खुल्या प्रवर्गात असशील आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज कर. शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड पडला, तर ती मिळत नाही. त्यामुळे आजारपणात वर्ष सोडायची वेळ आली, तर हे आधी मोज. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचं. रोजचं इन्सुलिन त्यात बसत नाही. त्यासाठी सरकारी रुग्णालयाची ओपीडी गाठ. कॉलेजच्या 'कमवा व शिका'मध्ये काम घेणार असशील, तर बागेतलं किंवा मैदानावरचं न घेता ग्रंथालयातलं माग.

इन्सुलिनचा प्रश्न जास्त तातडीचा आहे. न उघडलेली व्हायल (इन्सुलिनची बाटली) २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिनं ३० अंशांखाली साधारण २८ दिवस टिकतात. नक्की आकडा पाकिटातल्या कागदावर असतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४२-४५ वर जातो, म्हणजे पत्र्याच्या खोलीत ते टिकणार नाही. साठा खोलीवर ठेवूच नकोस. ओळखीच्या मेडिकलवाल्याच्या फ्रिजमधून एकावेळी एकच घे. वापरातली व्हायल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून मातीच्या माठात ठेव. माठ रिकामा, बाहेरून ओल्या गोणपाटाने गुंडाळलेला आणि सावलीत वारा लागेल असा हवा. आत स्वस्तातला थर्मामीटर टाक. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ही सोय छान चालते. पावसाळ्यात हवा दमट झाली, की माठ तितका गार होत नाही, म्हणून थर्मामीटरवर लक्ष असू दे. बर्फाला व्हायल थेट टेकवू नकोस. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. पाण्यासारख्या स्वच्छ इन्सुलिनमध्ये गढूळपणा किंवा गाठी दिसल्या, तर ते टाकून दे. उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन कधीकधी दिसायला चांगलंच असतं, म्हणून डोस तोच असून साखर वाढत राहिली तर नवीन व्हायल उघड.

परीक्षेला ग्लुकोमीटर, साखर आणि पाणी आत नेण्याची परवानगी डॉक्टरांच्या पत्रासह आधीच लेखी घे. हॉलच्या दारात वाद घालायला वेळ नसतो. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घे, पंधरा मिनिटांनी परत तपास, तोपर्यंत पेन खाली ठेव.

प्रश्न : टीबी निघाला म्हणून खासगी होस्टेलने खोली सोडायला सांगितलं. वर्ष वाया जाईल का?
– वाचक, साक्री

उत्तर : साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीत औषधं नियमित चालली, तर बहुतेकांचा संसर्ग साधारण दोन आठवड्यांत पसरेनासा होतो. डॉक्टरांकडून तसं लेखी घ्या आणि होस्टेलला त्याची प्रत द्या. उपचार सहा महिन्यांचे असतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडले, तर आजार उलटतो. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. पैसे आले नाहीत, तर नोंदणी झाली का आणि बँक खाते बरोबर आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारा.

प्रश्न : शिष्यवृत्ती पोर्टलवर मंजूर दिसते, पण पैसे नाहीत.
– विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : बँकेत 'आधार लिंक आहे का' एवढंच विचारून येऊ नकोस. आधार खात्याला जोडणं वेगळं आणि एनपीसीआयमध्ये (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून, खातं नोंदवणं वेगळं. ज्या बँकेत ही नोंदणी सर्वात शेवटी झाली, पैसे तिथेच जातात. मोबाइलवरून घाईत दुसरं खातं उघडलं असेल, तर आधी तिथे बघ. खातं बंद पडलेलं नाही ना, हेही तपास. ज्यांचा अर्ज अजून मंजूरच झालेला नाही, त्यांनी लॉगिन करून तो 'सेंड बॅक' तर झाला नाही ना हे बघावं. कॉलेजने त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज विद्यार्थ्याच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो, आणि तिथून पुन्हा सबमिट केल्याशिवाय तो हलत नाही.