पाय बधिर, तरी आग कशी?

प्रश्न : मला 10 वर्षांपासून मधुमेह आहे. तळपाय बधिर आहेत, तरी रात्री त्यांची आग होते. नसांची चाचणी मात्र नॉर्मल आली. मग दुखतं कशामुळे?

उत्तर : तुमचं दुखणं खरं आहे, चाचणीच अपुरी पडते. नर्व्ह कंडक्शन या नसांच्या नेहमीच्या चाचणीत नसांमधले फक्त जाड, वेगवान तंतू मोजले जातात. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक तंतू त्यात दिसतच नाहीत, आणि मधुमेहात बहुधा आधी तेच झिजतात. झीज टोकाकडून होते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. तंतूंची त्वचेतली टोकं गळाली की टोचलेलं कळेनासं होतं. पण उरलेल्या, इजा झालेल्या तंतूंवरचे सोडियमचे मार्ग (संदेश सुरू करणारी सूक्ष्म दारं) अतिसंवेदनशील होतात आणि काही लागलेलं नसतानाही संदेश सुटतात. मेंदूला ती आग वाटते. पुढे मज्जारज्जूही हे संदेश वाढवून वर पाठवतो; मग चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवत नाही.

हे तंतू मोजायला घोट्याच्या 10 सेंमी वरून 3 मिमी त्वचेचा तुकडा काढतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर बी-12 जीवनसत्त्व तपासाच, त्याच्या कमतरतेतही अशीच लक्षणं दिसतात. आणि गरम पाण्याने पाय शेकू नका. भाजलेलं कळणार नाही.