दारावरचा शब्द पुसण्याआधी

नेरूळहून एका आईवडिलांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी इंग्लंडमधील एका विद्यापीठात एम.एस्सी. करते. वसतिगृहातील खोलीच्या दारावर तिने मराठीत आणि इंग्रजीत स्वतःचे नाव लिहिलेले कार्ड लावले होते. एका सकाळी त्यावर जाड मार्करने आडवा ‘पाकी’ हा शब्द लिहिलेला तिला दिसला. तिने कार्ड फाडून टाकले, दारावर उमटलेली शाई नेलपेंट रिमूव्हरने घासून काढली आणि ती वेळेवर तासाला गेली. घरी तिने हे सांगितले ते तीन आठवड्यांनी, तोच शब्द पुन्हा लिहिला गेल्यावर. “अगं, मग सांग ना त्यांना, आपण भारतीय आहोत म्हणून,” असे वडील म्हणाले. इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरात तीस वर्षे राहत असलेली मावशी म्हणाली, “आम्ही याहून वाईट ऐकलंय, तू अभ्यासाकडे लक्ष दे.” आता मुलगी फोनवर जेमतेम दोन मिनिटे बोलते.

दोघांच्याही बोलण्यामागे काळजीच होती, याविषयी मला शंका नाही; परंतु त्या दोन वाक्यांनी मुलीला एकटे पाडले, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये हा शब्द दक्षिण आशियाई दिसणाऱ्या कोणालाही हिणवण्यासाठी कित्येक दशके वापरला गेला आहे. राष्ट्रीयत्व दुरुस्त करून घेतल्याने तो अपमान उतरत नाही. उलट शेजारच्या खोलीतील पाकिस्तानी मुलीला तो शब्द चालेल, असे आपण नकळत मान्य करून बसतो. तेथील २०१० च्या समानता कायद्यात वंश या संज्ञेत वर्ण, राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ या साऱ्यांचा समावेश आहे, आणि समोरच्याने चुकीची ओळख गृहीत धरून छळ केला तरी तो छळच ठरतो.

मावशींचे म्हणणे त्यांच्या अनुभवातून आलेले आहे आणि त्याचा मान राखूनच मी लिहिते. ब्रिटनच्या समानता आणि मानवाधिकार आयोगाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत वांशिक अल्पसंख्याक विद्यार्थ्यांपैकी २४ टक्क्यांनी विद्यापीठात आल्यापासून वांशिक छळ सोसल्याचे सांगितले, आणि छळ झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी विद्यापीठाकडे तक्रारच केली नव्हती. सोसून पुढे जाण्याचा मार्ग मावशींच्या पिढीपुरता राहिलेला नाही. तो आजही बहुसंख्य मुले धरतात, आणि लिहिणाऱ्याचे फावते.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. पहिल्या कार्डाचा पुरावा गेला, त्याबद्दल मुलीला एका शब्दानेही बोलू नका. कोणत्याही मुलीचा हात आधी पुसायलाच धावेल. दुसऱ्या वेळचे छायाचित्र असेल तर ते तिने स्वतःला ईमेलने पाठवून ठेवावे, म्हणजे त्यावर तारीख राहते. दोन्ही प्रसंगांची हकिकत तिने आजच लिहून काढावी: दिवस, वेळ, नेमका शब्द, कोणी पाहिले, कोणाला सांगितले. त्यानंतर विद्यार्थी संघटनेच्या सल्ला केंद्रात जावे. बहुतेक ठिकाणी हे केंद्र विद्यापीठाच्या प्रशासनापासून स्वतंत्र असते आणि तक्रारीचा मसुदा करण्यास मदत करते. निनावी नोंद करण्याची सोय अनेक विद्यापीठांत आहे, परंतु निनावी नोंदीवरून एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्यावर कारवाई होणे कठीण असते, हे तिला आधीच माहीत असावे. विद्यापीठाची प्रक्रिया संपल्याचे पत्र हाती आल्यावरही समाधान झाले नाही, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे (ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट अ‍ॅडज्युडिकेटर) बारा महिन्यांच्या आत, विनाशुल्क दाद मागता येते. असे लिखाण हा पोलिसांकडे नोंदवण्याजोगा द्वेषमूलक गुन्हाही ठरू शकतो. तातडी नसेल तर तेथील १०१ क्रमांकावर फोन करावा, जिवाला धोका वाटला तर ९९९ वर.

आपण पत्रात व्हिसाची भीती व्यक्त केली आहे, आणि ठाणे शहरात माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे जवळजवळ सर्व पालक ती व्यक्त करतात. प्रामाणिकपणे तक्रार केल्यामुळे विद्यार्थी व्हिसा रद्द होत नाही, आणि तक्रारदाराला त्याबद्दल त्रास देणे वर सांगितलेल्या समानता कायद्यानेच निषिद्ध आहे. व्हिसाला खरा धोका वेगळाच आहे: घाबरून मुलगी तासांना जाणे थांबवू लागली, तर तिच्या सहभागाची नोंद ठेवणे आणि तो खंडित झाल्यास सरकारला कळवणे हे विद्यापीठाचे बंधन असते. म्हणून तिची उपस्थिती कशी आहे, हे हळुवारपणे विचारा.

अमेरिकेतील वाचकांसाठी एवढेच, की तेथे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण लागू होते आणि शिक्षण विभागाच्या नागरी हक्क कार्यालयाकडे सामान्यतः १८० दिवसांत तक्रार करावी लागते. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी २०२५ पासून विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय लोकपाल काम करू लागला आहे.

आणखी एक गोष्ट, जी जाण्यापूर्वीच्या तयारीत कोणी धरत नाही. मुलांना निरोप देताना घरोघरी ‘काळ्यांपासून जरा लांबच राहा’ असा सल्ला दिला जातो. मी तो नौपाड्यातल्या सुशिक्षित घरांतही स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. हा सल्ला अन्यायाचा आहेच, शिवाय घातकही आहे. ज्या विद्यार्थ्यांना तक्रारीची वाट, साक्षीचे महत्त्व आणि विश्वासू प्राध्यापकांची नावे अनुभवाने ठाऊक असतात, नेमके त्यांच्यापासून आपण आपल्या मुलीला तोडतो.

मावशींनी मात्र या शनिवारी गाडीत बसून तिच्याकडे जावे. समजूत घालण्यासाठी नव्हे, तर तक्रार लिहिताना शेजारी बसण्यासाठी. ती करायची की नाही आणि कधी, हे मुलीनेच ठरवावे. तक्रारीत काय घडले यासोबत काय हवे आहे तेही लिहायचे असते. बहुधा तिला दुसरी खोली देऊ केली जाईल. तिला हवी असेल तर तिने ती अवश्य घ्यावी. नको असेल, तर मी येथेच राहणार आहे आणि लिहिणाऱ्याचा शोध घेतला जावा, असे तिने स्पष्ट लिहावे. आणि मावशींनी जाताना एक कोरे कार्ड व पेन सोबत न्यावे.