तिघांनी गायलेलं ‘एकल’?

प्रश्न असा आहे: ‘देस्पासितो’ या स्पॅनिश गाण्याचं जस्टिन बीबरवालं रीमिक्स ‘ऑफिशियल सिंगल’ (अल्बमपासून वेगळं, अधिकृतपणे काढलेलं गाणं) धरायचं का, आणि सिंगलला मराठीत ‘एकल’ म्हणावं का?

आधी दुसरं. एकल म्हणजे एकट्याने केलेलं: एकल गायन, एकल पालक. या रीमिक्समध्ये लुईस फॉन्सी, डॅडी यांकी आणि बीबर असे तिघं गातात. तिघांचं एकल! परिभाषा घडवणाऱ्यांनी हे एकदा मोठ्यांदा म्हणून पाहावं.

गंमत मुळात आहे. ‘सिंगल’ ज्यातून आला तो लॅटिनमधला ‘सिंगुली’ बहुवचनी आहे आणि त्याचा अर्थ ‘एक’ नव्हे, ‘एकेक’. (त्यातला ‘एक’ आपल्या ‘सकृत्’मध्येही (म्हणजे ‘एकदा’) आहे, म्हणजे ‘सकृद्दर्शनी’ सिंगलच्या भाऊबंदांतला. तो ‘सुकृतदर्शनी’ नाही, हेही इथेच सांगून टाकतो.) मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या बाडात घालून विकत, म्हणून अल्बम. बाडाबाहेरची ती सुटी, म्हणजेच सिंगल. आरसीए व्हिक्टरने १९४९मध्ये ७ इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी आणली. तिच्या दोन बाजूंना दोन गाणी, तरी ती सिंगलच! एकलवाले हे कसं मोजणार? माझा शब्द ‘सुटं गाणं’. सुटी विडी, सुटे पैसे, तसं सुटं गाणं. शिवाय ‘रिलीज’ म्हणजे तरी काय, सोडणंच ना?

अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाची लोकप्रिय गाण्यांची ‘हॉट १००’ यादी डिसेंबर १९९८पर्यंत नेमकं हेच पाहायची. दुकानात सुटं मिळत नसेल तर यादीत जागा नाही. नो डाउट या बँडचं ‘डोन्ट स्पीक’ रेडिओच्या यादीत १६ आठवडे पहिलं होतं, पण हॉट १००मध्ये नव्हतंच.

आता रीमिक्स. ते सिंगल आहे का हे ठरवताना आयएसआरसी या ध्वनिमुद्रणाच्या १२ अक्षरी ओळख-क्रमांकावर विसंबू नका. तो प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळा असतो, अल्बममधल्या कोपऱ्यातल्या गाण्यालासुद्धा. बारकोड बघा, तो प्रकाशनाला मिळतो. कंपनीने गाणं रेडिओला सिंगल म्हणून कधी दिलं, तेही बघा. ॲपल म्युझिकवर नावापुढे ‘सिंगल’ दिसलं की लोक नाचतात. तीनपर्यंत गाणी आणि प्रत्येक १० मिनिटांच्या आत असलं की ते बिरुद लागतं. त्यावरून फक्त वेष्टन कळतं.

बीबरवालं एप्रिल २०१७मध्ये वेगळं निघालं, म्हणजे सुटं आणि अधिकृतही. फक्त हॉट १००चे पहिल्या क्रमांकाचे १६ आठवडे एकट्या त्याच्या नावावर मांडू नका. बिलबोर्डने मूळ गाणं आणि रीमिक्स एकत्रच मोजलं होतं.