पत्ता देऊन थांबू नकोस

प्रिय मुली,

तुझे पत्र दोनदा वाचले. एकाकी माणसांना परिसरातल्या गटांशी जोडून देणे हे आता तुझे काम, पूर्वी ते माझेही होते. पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर न पडणाऱ्या त्या गृहस्थांना तू परिसरातील अकरा गटांची यादी दिलीस, ते एकाही गटात गेले नाहीत, आणि आता ‘त्यांचीच इच्छा नसावी’ असे तू लिहितेस. हे वाक्य मला बोचले, कारण एकेकाळी ते माझेच होते. मीही एका बाईंच्या हाती बागकाम गटाचे पत्रक ठेवून ‘जोडणी पूर्ण’ अशी नोंद केली होती. त्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि आतले हसणे-खिदळणे ऐकून परत फिरल्या होत्या, हे मला वर्षभराने कळले.

पत्ता देऊन थांबू नकोस. पहिल्या खेपेला सोबत जा.

झिंबाब्वेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक रुग्ण बसभाड्याअभावी रुग्णालयात पोहोचू शकली नाही आणि तिने जीवन संपवले. त्यानंतर २००६ मध्ये त्यांनी आजीबाईंना प्रशिक्षण देऊन, लोकांचे मन ऐकून घ्यायला, वस्तीतल्या दवाखान्यांच्या आवारातील बाकांवर बसवले. तू त्या बाकाचे कौतुक करतेस, पण काम बाकाने केले नाही. माणूस आणि मदत यांच्यामधले अंतर मिटले, त्याने केले. पुढे ५७३ रुग्णांवरील चाचणीत या पद्धतीने नैराश्य व चिंतेची लक्षणे कमी झाल्याचे दिसले. बैठकांत हा आकडा सांगणे सोपे असते, अंतर मिटवणे नसते.

सोबत जाण्याआधी गट चालवणाऱ्यांशी बोल. दारात कोण भेटणार हे गृहस्थांना आधीच कळू दे, आणि त्यांच्यासाठी तिथे एखादे छोटे काम असू दे, कारण खुर्च्या मांडायला आलेल्या माणसाला ‘मी इथे का आलो’ याचे उत्तर द्यावे लागत नाही. मात्र जगणे नकोसे झाल्याचे ते बोलले, तर गट बाजूला ठेव आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे ने. तिथेही सोबत जा.

मी महिन्याला जेमतेम आठ माणसे जोडतो आणि इतर चाळीस जोडतात, असे मला वर्षानुवर्षे ऐकवले गेले. मी माणसांना परावलंबी करतो, असेही. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम जात नसे, हे मात्र कोणी नोंदवले नाही. चाळिसांपैकी किती जण आत शिरले, असे मी विचारले की विषय बदलत असे. असो, हे गाऱ्हाणे जुने आहे.

त्या गृहस्थांना या आठवड्यात पुन्हा फोन कर. गटाचे नाव नंतर सांग. आधी तू कोणत्या दिवशी मोकळी आहेस ते सांग.

तुझा,
जुना सहकारी