सायनसच्या ऑपरेशननंतर डोळ्याखाली काळंनिळं आणि सूज, हे नॉर्मल आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं दुर्बिणीतून सायनसचं ऑपरेशन काल झालं, घरी सोडलं आणि आज सकाळी एका डोळ्याखाली काळंनिळं, पापणी सुजलेली. मी ईएनटी वॉर्डला नर्स आहे, म्हणून आधी एक काम सांगते ते करा आणि मग पुढचं वाचा. त्यांचा एक डोळा झाका, दुसऱ्याने तुमची बोटं मोजायला सांगा, मग उलट. दोन्ही डोळे उघडे असले की एकाने कमी दिसतंय हे पेशंटच्या लक्षातच येत नाही, औषधांच्या गुंगीत तर नाहीच नाही.

दोन्हीने स्वच्छ दिसतंय, डोळा चारही बाजूंना फिरतोय, नुसता डाग आणि थोडी सूज आहे, तर बहुतेक वेळा ते आपोआप उतरतं. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदासारखं पातळ हाड असतं, तिथे जरा दुखापत झाली की रक्त पापणीत उतरतं. तरी सर्जनला फोन आजच करा. पापणी हलकेच दाबल्यावर बोटाखाली चरचर लागली तर हवा शिरलीये, हे बऱ्याचदा नाक शिंकरल्यामुळे होतं, त्यामुळे ते पूर्ण बंद आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची.

पण नजर कमी वाटतेय, डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय, खूप दुखतोय, बंद पापणीवरून कडक लागतोय किंवा टॉर्च मारल्यावर बाहुली लहान होत नाहीये, यातलं एक जरी असेल तर फोनवर बोलत बसू नका, थेट इमर्जन्सीत न्या. डोळ्यामागे रक्त साठून प्रेशर वाढलं की पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तासा-दीड तासात नजर कायमची जाऊ शकते. तिथे गरज पडली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छोटा छेद देऊन प्रेशर मोकळं करतात, ऐकून घाबरायला होतं पण त्यानेच डोळा वाचतो, तेव्हा डॉक्टर म्हणाले तर अडवू नका. नाकातलं पॅक मात्र घरी ओढून काढू नका.

एकाचे दोन दिसत असतील तर डोळा फिरवणाऱ्या स्नायूला इजा झालेली असू शकते, तेही आजच दाखवायचं. नुसतं सारखं पाणी येत असेल तर अश्रुनलिकेचा प्रश्न असू शकतो, ते फॉलोअपला सांगितलं तरी चालेल.

आणि वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? असेल तर फोनवर पहिल्यांदा तेच सांगा.